छातीतला मासा

आमच्या गल्लीत कुणाच्याही घरी बाळ झालं की बायका झबलं-टोपडं घेऊन बघायला जायच्या. महादेवीअक्का रिकाम्या हातानं जायची. बाळंतिणीची दोन शब्दांत चौकशी करायची, बाळाला उचलायची, दुपटं बाजूला करायची आणि आपला उजवा कान त्याच्या छातीला लावून डोळे मिटायची. खोलीतलं बोलणं तेवढ्यापुरतं थांबायचं. मग मान वर करून ती निकाल द्यायची, "साफ हाय." बाळ परत आईच्या मांडीवर आणि अक्का चहा न घेता घरी. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईनं तिला एकदा विचारलं, "तुम्ही नर्स आहात का हो?" अक्का म्हणाली, "न्हाय. मी सून हाय."

बाळीवेशीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाडेकरू म्हणून गेले ती वर्षभरासाठी, आणि माझी शाळेतली सगळी नोकरी त्याच दोन खोल्यांत संपली. सोलापूरच्या उन्हाळ्यात वरचा मजला म्हणजे भट्टी. मी दुपारी खाली अक्काच्या मधल्या खोलीत फरशीवर आडवी व्हायचे आणि ती शेंगा सोलत बोलायची. तिचं बोलणं म्हणजे जुन्या हिशेबांची उजळणी असायची. कुणी केव्हा काय म्हटलं, कुणाच्या लग्नात तिला कुठल्या पंगतीला बसवलं, कुठल्या नणंदेनं लुगडं देताना तोंड कसं केलं, सगळं पाठ. माणसानं मोठ्या मनानं विसरावं, माफ करावं, असं मी वर्गात मुलांना शिकवायचे. महादेवीअक्काचं मन मोठं नव्हतं. म्हणूनच मला ती आवडायची, हेही सांगून टाकते.

उंच, सावळी बाई. कपाळावर विभूतीच्या रेघा, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आवाज खर्जातला. सासूशी भांडण कन्नडमध्ये चालायचं आणि टोमणे मराठीत, कारण टोमणा चारचौघांना कळला पाहिजे असं तिचं म्हणणं होतं. मंडईत एका भाजीवाल्यानं तिला किडकी वांगी दिली होती. तिनं भांडण केलं नाही. त्यानंतर ती रोज त्याच्याच शेजारच्याकडून वांगी घ्यायची, एकेक वांगं त्याच्या डोळ्यांसमोर धरून निरखायची आणि "ही बगा, ही खरी वांगी" असं मला मोठ्यानं सांगायची. शेवटी बिचारा जागा बदलून दुसऱ्या टोकाला गेला.

"सूड घ्यायचा तर समोरच्याला दिसला पायजे की, बाई," ती म्हणायची. "आतल्या आत जळून कुणाचं भलं झालंय?"

या सगळ्या स्वभावाचं मूळ एका औषधाच्या बाटलीत होतं. ती गोष्ट मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की मी स्वतः तिथे हजर होते असं मला कधी कधी वाटतं.

लग्नानंतर अक्काची दोन गरोदरपणं अर्ध्यावर गेली. तिसऱ्या खेपेला पोट राहिलं तेव्हा तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी पिवळ्या, मऊ गोळ्यांची बाटली दिली आणि स्पष्ट विचारलं, "मासोळीच्या तेलाच्या आहेत. बाळ चांगलं पोसेल, डोकं चांगलं होईल. तुमच्यात चालेल का?" लिंगायताचं घर. अंडं फुटलेल्या दुकानासमोरूनसुद्धा पदर नाकाला लावून जाणारी माणसं. पण दोन वेळा रिकाम्या हातानं परत आलेल्या बाईला काय चालत नाही? ती म्हणाली, "चालतंय." रोज आंघोळ झाली की डोळे मिटून, लिंगाला हात लावून, एक गोळी गिळायची.

प्रश्न होता बाटली ठेवायची कुठे. मे महिना होता आणि त्या घरात पत्र्याच्या डब्यातला गूळसुद्धा पाझरायचा. गार जागा एकच, देवघरातला भिंतीतला कोनाडा. तिथे विभूतीचे खडे, वाती, कापूर असं ठेवलेलं. त्यामागे तिनं बाटली सरकवली. "देवापाशी कोण बगतंय? आन् देव काय चुगली करतोय व्हय?" असं ती सांगताना अजूनही हसायची. देवानं चुगली केली नाही. उन्हानं केली. एका दुपारी गोळ्या मऊ होऊन एकमेकींना चिकटल्या, फुटल्या, आणि सैल झाकणातून तेल विभूतीच्या खड्यांत मुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासू, म्हणजे गुरव्वा, पूजेला बसली आणि तिनं कपाळावर, दंडावर, छातीवर ती विभूती लावली.

"दारात कोळीण आलीया का गं?" गुरव्वानं हाक मारली. मग उठून अंगण बघून आली. मग परसात जाऊन आली. जिथे जाईल तिथे वास. तिनं आपला दंड नाकाशी नेला आणि तिला कळलं की वास तिच्या अंगालाच येतोय.

पुढचं अक्का हसत सांगायची नाही. बाटली सापडली, गटारात गेली. देवघर तीनदा धुतलं. अक्काला भर पोटानं उंबऱ्याबाहेर बसवून डोक्यावरून पाणी ओतलं आणि बाळंत होईपर्यंत स्वयंपाकघराचा उंबरा बंद केला. पण खरा घाव वेगळा होता. त्यांच्यात आठव्या महिन्यात पोटातल्या बाळाच्या नावानं लिंग बांधतात. बाळ जन्माला येईपर्यंत ते आईच्या अंगावर असतं. येत्या सोमवारी तो विधी ठरला होता, स्वामींना सांगून झालं होतं. गुरव्वानं स्वामींना दारातूनच परत पाठवलं. सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात ती म्हणाली, "मासं खाल्लेल्या पोटाला लिंग कसलं?"

नवरा, चन्नप्पा, त्या वेळी दाराच्या चौकटीत उभा होता. तो काही बोलला नाही. चप्पल घालून आडत दुकानात निघून गेला. त्या दिवसापासून त्याच्या ताटात ताजी भाकरी पडली नाही. कडक भाकरी सोलापूरची शान आहे, मला मान्य आहे, दह्यात बुडवून फार छान लागते, पण जन्मभर? तव्यावरची गरम भाकरी अक्का मुलाला वाढायची, मला वर आणून द्यायची, दारातल्या गाईला द्यायची, आणि चन्नप्पापुढे कडक भाकरीची चवड ठेवायची. त्यानं कधी विचारलं नाही. त्याला कारण ठाऊक होतं. दात पडले तसा तो ती पाण्यात भिजवून खायला लागला आणि तशीच खात गेला.

मुलगा झाला. सिद्धाराम. नातू म्हटल्यावर गुरव्वाचा जीव वितळला, तिनं स्वतः त्याला लिंग बांधवलं, पेढे वाटले. पण पहिल्याच थंडीत सिद्दूची छाती वाजायला लागली. श्वास आत जाताना बारीक शिट्टी, बाहेर येताना शिट्टी. गुरव्वा पाळण्यावर वाकली, ऐकलं आणि म्हणाली, "बग. छातीत मासा उड्या मारतोय."

हे ती पुढे वीस वर्षं म्हणत राहिली. नातवावर माया होती हे खोटं नाही. रात्री त्याची पाठ चोळायला तीच उठायची. पण चोळता चोळता म्हणायची तेच. आल्या-गेल्याला सांगायची तेच. सिद्दू माझ्या वर्गात आला तेव्हा पोरं त्याला "मासा" म्हणून हाक मारत होती. मी दोघा-तिघांचे कान पिळले, पण नाव काही गेलं नाही. एकदा मधल्या सुट्टीत धाप लागून तो माझ्या खुर्चीपाशी येऊन बसला. श्वास जरा खाली बसल्यावर म्हणाला, "बाई, मासा पाण्याभायेर काडला की मरतोय ना? मग माझ्यातला कसा मरत न्हाय?" मी त्याला पाणी दिलं. संध्याकाळी हे अक्काला सांगायला नको होतं, पण सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सोलतच राहिली. नंतर बघितलं तर तिनं टरफलं भांड्यात टाकली होती आणि दाणे केराच्या सुपात.

अक्काला तेव्हापासून एकच हवं होतं. कुणीतरी शिकलेल्या, डॉक्टर माणसानं गुरव्वासमोर सांगावं की पोरगं गोळ्यांमुळे आजारी पडलं नाही, गोळ्या बंद केल्यामुळे पडलं. सिद्दूला घेऊन ती जिल्ह्यातल्या निम्म्या दवाखान्यांच्या पायऱ्या चढली. औषध लिहून होत आलं की विचारायचीच, "सायेब, पोटात असताना मासोळीचं तेल घेत हुते, ते मधीच बंद पाडलं. त्यानंच झालं न्हवं का?" कुणी हसायचं, कुणी पुढच्या पेशंटला आवाज द्यायचं. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी मात्र चष्मा काढून नीट उत्तर दिलं. मी तेव्हा सोबत होते.

"हे बघा बाई, कुणी म्हणतं त्या तेलानं मुलांच्या छातीला थोडा फायदा होतो, कुणी म्हणतं मोठेपणी काही फरक दिसत नाही. त्यातून तुमच्या घरात आधी कुणाला दमा होता का?"

"सासऱ्याला हुता."

"मग तसाही आला असेल. घेतल्या असत्या तर झाला नसता, असं मी सांगू शकत नाही. घेतल्या म्हणून झाला, हे मात्र साफ खोटं आहे."

"तेच घरी येऊन सांगता का?" अक्का म्हणाली. "म्हातारीसमोर?"

डॉक्टर येणार कशाला? परतीच्या रिक्षात अक्कानं सिद्दूला कुशीत घेतलं. घराजवळ आल्यावर म्हणाली, "अर्धा निकाल दिला, बाई. अर्ध्या निकालावर म्हातारी ऐकती व्हय?"

पुढे दिवस फिरले. चन्नप्पा गेला. सिद्दू मोठा झाला, खिशात पंप ठेवून का होईना, नोकरीला लागला. गुरव्वाची नजर मंदावली, गुडघे गेले आणि ती मधल्या खोलीतल्या कॉटवर आली. घर अक्काच्या हातात आलं. तिनं सासूची सेवा अशी केली की नाव ठेवायला जागा नाही. ऊन पाणी, मऊ भात, वेळच्या वेळी औषध. फक्त एक केलं. औषधाच्या दुकानातून तिनं मासोळीच्या तेलाच्या गोळ्यांची नवी बाटली आणली आणि कॉटसमोरच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. सिद्दूकडून गुरव्वाला तिच्यावरचं नाव मोठ्यानं वाचून दाखवलं. बस्स.

त्या दिवसापासून गुरव्वा प्रत्येक घास नाकाशी नेऊन मग तोंडात घालायला लागली. आमटीचा वास, भाताचा वास, पाण्याच्या तांब्याचा वास. ताट पुढ्यात आलं की आधी फळीकडे मान वळवायची. तिला बाटली धुरकट दिसत असेल, पण दिसत होती. एकदा मी अक्काला म्हटलं, "पुरे की आता." तिनं मला बाटली हातात दिली. सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं.

"मी काय केलंय?" ती म्हणाली. "झाकण पण उघडलं न्हाय. माझ्या हातचं अन्न साफ हाय. मी बी तिला हेच सांगत हुते, तवा ऐकलं का तिनं?"

मला गुरव्वाची दया आली नाही. मी सिद्दूला वर्गात बघितलं होतं.

मग सिद्दूचं लग्न झालं. वैरागची मुलगी, प्रियांका, हसरी आणि जराशी भित्री. वर्षभरात तिला दिवस गेले आणि अक्का अशी उजळली की मला वाटलं आजी होण्याचा आनंद आहे. तो होताच. पण दुसऱ्याच दिवशी ती प्रियांकाला आणि मला घेऊन डॉक्टरांकडे गेली आणि खुर्चीत बसायच्या आधी म्हणाली, "हिला मासोळीच्या तेलाच्या गोळ्या द्या."

डॉक्टर तरुण मुलगी होती. म्हणाली, "चालतील, घेऊ देत. सक्ती नाही. तुम्ही शाकाहारी असाल तर शेवाळापासून केलेल्यासुद्धा मिळतात."

"शेवाळ काय करायचंय मला?" अक्का म्हणाली. "मासाच पायजे."

मला तेव्हा तिचा बेत कळला. नातवाच्या आईनं रोज मासा खायचा, नातू साफ छातीचा जन्मायचा, आणि ती छाती गुरव्वाच्या कानाला लावायची. अर्धा निकाल राहिला होता तो असा पुरा करायचा होता. रोज सकाळी आंघोळ झाली की अक्का एका हातात गोळी आणि एका हातात फुलपात्र घेऊन प्रियांकासमोर उभी राहायची. गोळी तोंडात, वर पाणी. मग कॉटकडे बघून मोठ्यानं, "गिळली का? शाब्बास." प्रियांका तोंड मिटून मान हलवायची आणि गुरव्वाचा चहा घेऊन मधल्या खोलीत जायची. गुरव्वा भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तिनं एकदाही विरोध केला नाही. मला याचं नवल वाटलं होतं. वाटलं, म्हातारी थकली.

त्या उन्हाळ्यात गुरव्वानं एकच हट्ट धरला. गादी उन्हात टाकू दिली नाही. अक्कानं नेहमीप्रमाणे गादी गच्चीवर न्यायला काढली की ती दोन्ही हातांनी धरून ओरडायची. "मला उटवू नका. हितंच मरू द्या." खोलीत एक कुबट वास येत होता. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण आहे, येणारच. अक्का म्हणाली, "मला तर त्योच जुना वास येतोय. पर मला त्यो जन्मभर येतोय की." आणि विषय तिथेच राहिला.

श्रावणात नातू झाला. नाव विरेश, आम्ही विरू म्हणायचो. बाळ-बाळंतीण घरी आली त्याच दिवशी अक्कानं त्याची छाती ऐकली, एकदा, मग पुन्हा. मग त्याला घेऊन कॉटपाशी गेली. मी तिथे होते, प्रियांका दाराशी.

"अत्ती, कान द्या." सासूला ती अशी कन्नडातच हाक मारायची.

गुरव्वाची नजर अधू होती, पण कान शाबूत होते. अक्कानं बाळाची छाती तिच्या कानावर टेकवली. म्हातारीनं डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "साफ हाय."

"रोज मासोळीचं तेल घेतलंय ह्याच्या आईनं. रोज. माझ्या डोळ्यांम्होरं." अक्कानं बाळ पुन्हा छातीशी घेतलं. "आता बोला. कुटं हाय मासा?"

गुरव्वा हसली. दात नसलेलं, अगदी तृप्त हसू. "सिद्दूची बी पैल्यांदा साफच हुती की. थंडी येऊ दे. मग सांगते तुला."

प्रियांका लगबगीनं आत निघून गेली. अक्का मात्र नंतर दिवसभर एकच वाक्य घोळवत होती, येऊ दे थंडी, येऊ दे.

थंडी यायच्या आत गुरव्वा गेली. दिवाळी तोंडावर होती. सकाळी चहा घेऊन प्रियांका गेली तर म्हातारी गार. त्यांच्या रीतीप्रमाणे तिला बसवून, विभूती लावून, रुद्रभूमीत नेऊन पुरलं. अक्का रडली नाही. तिचा चेहरा फसवलं गेलेल्या माणसासारखा होता. मला बाजूला घेऊन म्हणाली, "निकालाच्या आदीच पळाली, बाई."

दोन-चार दिवसांनी कॉट बाहेर काढायला मी मदतीला गेले. गादी उचलली आणि खोलीभर वास सुटला. गादीखाली, भिंतीच्या बाजूला, विभूती बांधायच्या पांढऱ्या फडक्याचं एक गाठोडं होतं. अक्कानं ते सोडलं. आत पिवळा, चिकट गोळा. उन्हाळ्यात वितळून, फुटून, एकमेकींत मिसळलेल्या गोळ्या. काहींचा आकार अजून शाबूत होता.

अक्का जमिनीवर बसली. तिनं तो गोळा नाकाशी नेला. मग प्रियांकाकडे बघितलं. प्रियांका रडायलाच लागली.

"मम्मी, मला गिळवायचंच नाही. पहिली घेतली ती तशीच उलटून पडली. मग मी गालात धरून ठेवायची. आज्जींनी एकदा चहा देताना वासावरून ओळखलं आणि पदर पसरला. म्हणाल्या, हितं टाक, कुणाला सांगू नको."

"एकबी पोटात गेली न्हाय?"

"नाही."

"मला का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

मी अक्काच्या तोंडाकडे बघत होते. आता घर डोक्यावर घेणार असं मला वाटलं. ती प्रियांकाला एवढंच म्हणाली, "तुजं मी नंतर बगते." मग तो गोळा परत फडक्यात बांधायला लागली. बांधता बांधता मला म्हणाली, "माझ्या अंगाला वास येतोय म्हणून जिनं मला चुलीपाशी फिरकू दिलं न्हाय, ती उन्हाळाभर त्या वासावर निजली, बाई." आवाजात राग होता आणि कौतुकही होतं. तोलामोलाच्या वैऱ्याचं असतं तसं.

म्हातारीचं ते हसू मला तेव्हा उमगलं. थंडीत विरूची छाती साफ राहिली असती, तर तिनं कॉटवर उठून बसून ते गाठोडं सगळ्यांसमोर सोडलं असतं. बघा, पोटात मासा गेला नाही म्हणून छाती साफ. ती मेली, पण डाव तसाच मांडून गेली. आता विरू ठणठणीत राहिला तर गुरव्वा जिंकणार होती. महादेवीअक्काला जिंकायचं असेल, मासा न खाताही छाती वाजते हे सिद्ध व्हायचं असेल, तर तिच्या नातवानंच आजारी पडायला हवं होतं. हे मला तेव्हा कळलं. तिला माझ्या आधी कळलं असणार. त्यानंतर "थंडी येऊ दे" हे शब्द तिच्या तोंडून मी ऐकले नाहीत. कार्तिक संपत आला तसं तिनं घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. विरूला कानटोपी, त्यावर दुसरी कानटोपी. दिवसातून कितीदा तरी ती कान लावायची आणि "साफ हाय" म्हणायची, पण निकाल दिल्यासारखं नाही. देवळात म्हणतात तसं, हळू.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा जवळ आली आणि सोलापुरात खरी थंडी पडली. एका सकाळी अक्का जिना चढून वर आली. तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नसे, म्हणून मी ओळखलं. "बाई, वाजतंय," ती म्हणाली.

आम्ही तिघी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी वाफ दिली, छाती तपासली, घाबरायचं कारण नाही म्हणाले, बापाला दमा आहे म्हटल्यावर काळजी घ्या म्हणाले. दुपारपर्यंत बसवून ठेवलं. निघालो तेव्हा विरूच्या ओठांवर रंग आला होता आणि तो इकडेतिकडे टकमक बघत होता. शिट्टी मात्र अजून होती, बारीक. रिक्षाच्या आवाजातही ती शिट्टी नीट ऐकू येत होती.

रुद्रभूमीच्या फाटकापाशी अक्का रिक्षावाल्याला म्हणाली, "थांबव."

"मम्मी, आजारी लेकराला तिकडं नेऊ नका," प्रियांका म्हणाली. अक्कानं तिच्या मांडीवरून बाळ उचललं. मी मागोमाग उतरले. ऊन चांगलं होतं, तरी मी माझी शाल विरूवर टाकली. गुरव्वाच्या समाधीवर अजून दगड बसवलेला नव्हता. मातीचा उंचवटा, त्यावर वाळलेली बेलाची पानं. अक्का गुडघे धरत खाली बसली. तिनं दुपटं बाजूला केलं, बाळाला दोन्ही हातांवर पालथं धरलं आणि त्याची छाती मातीच्या अगदी जवळ नेली.

"ऐका, अत्ती," ती म्हणाली. "ह्याच्या आईच्या पोटात एकबी गोळी गेली न्हाय. सगळ्या तुमच्या गादीखाली हुत्या. ऐका, तरी वाजतंय. सांगा आता, ह्यो कुटला मासा हाय?"

सबंध जन्म ज्या वाक्यासाठी तिनं काढला ते वाक्य बोलून झालं होतं. ती खरंच उत्तराची वाट बघितल्यासारखी थांबली. मी तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याची खूण शोधत होते. इतकी वर्षं मी तिच्या बाजूची, मलाही ती बघायची होती.

विरूला उबळ आली. एवढ्याशा अंगाला न मावणारा खोकला, आणि त्याच्या शेवटी तीच शिट्टी. अक्कानं त्याला झटक्यात उचललं, छातीशी धरलं आणि शालीत पुरतं झाकून घेतलं, जणू कुणी त्याला नाव ठेवायला टपलं होतं.

"ऱ्हाऊ द्या, अत्ती," ती मातीकडे बघून म्हणाली. "नका ऐकू."